लॉर्ड किलशॅनचे वडील

बुकित पंजांग, सिंगापूर
७ जुलै २०१३

तीर्थरूप बाबांस,
उज्ज्वलचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. शेवटचं पत्र मी तुम्हाला कॉलेजात असताना लिहिलं होतं. पुढे फोन आले आणि माझं अक्षर सुटलं ते सुटलंच. पण गेले सहा आठवडे मी फोन केला की तुम्ही नेमके अंघोळीला गेलेले असता. तुमच्या सुनेने, अरुणाने, केला की मात्र तुमची अंघोळ झालेली असते, आणि नातीशी तर तुम्ही अर्धा अर्धा तास बोलता. कागदाला अंघोळीची अडचण नसते, म्हणून हा कागद.

तिकीट जूनअखेरचं असताना तुम्ही अठ्ठावीस मेलाच परत गेलात. इथला उकाडा सोसत नाही, असं अरुणाला सांगितलंत. हिंगणघाटच्या मे महिन्यात भर दुपारी सायकल दामटणाऱ्या माणसाला सिंगापूरचा उकाडा सोसला नाही, हे मी तूर्तास खरं धरून चाललोय.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. मला इतिहासाची एक अडचण आहे, आणि तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेले तुमच्याशिवाय माझ्या ओळखीत कोणी नाही. आमच्या बँकेतले साहेब, मिस्टर स्कार्डन, पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांचे पूर्वज आयर्लंडमधले उमराव. घराण्याच्या पत्रांची एक पेटी त्यांच्याकडे आहे आणि त्यातून त्यांना एक पुस्तक करायचंय. जुनी हस्ताक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर मला थोडंफार चालवता येतं, म्हणून शनिवार-रविवार ते काम माझ्या गळ्यात पडलंय. तक्रार नाही, हल्ली शनिवार-रविवार जरा मोठे वाटतात.

मूळ पुरुष म्हणजे एडमंड स्कार्डन, पुढे लॉर्ड किलशॅन. जन्म १७२९. घर कॅथलिक, आणि त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिक असणं म्हणजे पाय बांधून शर्यतीत धावणं. निवडणूक लढवता येत नव्हती, वकिली करता येत नव्हती. इंग्रजांच्या चर्चमध्ये जाऊन सगळ्यांसमोर जुना धर्म सोडल्याचं वाचून दाखवायचं, त्यांच्या हातची भाकर खायची, प्रमाणपत्र घ्यायचं, की दारं उघडली. एडमंडने हे वयाच्या बाविसाव्या वर्षी केलं. कायदा असा होता की थोरला मुलगा असा पलीकडे गेला, की बापाची जमीन त्या दिवसापासून मुलाची. बापाने मरेपर्यंत तिथे राहावं, पण एक झाडसुद्धा विकू नये. एडमंडचे वडील ख्रिस्तोफर पुढची अठरा वर्षं आपल्याच घरात मुलाचे पाहुणे म्हणून राहिले.

माझा प्रश्न असा: असा कायदा खरंच असू शकतो, की मी कागद चुकीचा वाचतोय? सवडीने कळवा. तब्येत जपा.

आपला,
उज्ज्वल


बुकित पंजांग
४ ऑगस्ट २०१३

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष देऊन बघितला, पण अरुणा म्हणाली की पत्र पंधरा दिवसांपूर्वीच पोचलंय. कायदा खरा होता, मी लायब्ररीत शोधला. आता निदान गोष्ट तरी ऐका.

एडमंड १७६१ साली डब्लिनच्या पार्लमेंटात निवडून गेला. बोलायला फर्डा. १७७६ मध्ये त्याला लॉर्ड केलं. दोन वर्षांनी कॅथलिकांना जमिनीचे थोडे हक्क द्यायचा कायदा आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज ह्याचा. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो असं आपल्याकडे म्हणतात ना, त्यातली गत. मूळचे प्रॉटेस्टंट एकवेळ गप्प बसत. ह्याला गप्प बसून चालत नव्हतं, कारण प्रत्येकजण ह्याच्याकडेच बघत होता.

मजा पुढे आहे. त्याच्या इस्टेटीच्या नोंदींत फेलन नावाचा एक माळी आहे. १७५२ पासून सतरा वर्षं माळी. कारभारी दर वसंतात तक्रार करतो की फेलनला गुलाबाची छाटणीसुद्धा येत नाही, भाज्या किडल्या, ह्याला काढा. एडमंड दर वेळी उत्तर देतो, राहू दे. परवा माझ्या डोक्यात उजेड पडला. फेलन पाद्री होता. माळ्याच्या झोपडीत म्हाताऱ्या ख्रिस्तोफरसाठी गुपचूप प्रार्थना चालायची, आणि पार्लमेंटात गरजणारा मुलगा ती चालू देत होता. मी एकटाच मोठ्याने हसलो. जाई म्हणाली, "बाबा, यू ओके ऑर नॉट?"

तुम्ही रागावलात ते त्या शुक्रवारच्या जेवणामुळे, असं अरुणाचं मत आहे. मला विचाराल तर त्यात विशेष काही झालं नव्हतं. शेजारच्या मिसेस लिमनी काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. इथे दारात उभं राहून कोणाला सगळं समजावत बसायला वेळ नसतो. शिवाय बँकेतला प्रबोध आणि त्याची बायको मेधा जेवायला आलेले. आपल्या घरातलं त्यांना कशाला.

आणि टॅक्सीचं म्हणाल, तर त्या दिवशी मला रॅफल्स प्लेसला मीटिंग होती. नाहीतर मी विमानतळावर आलोच असतो.

आपला,
उज्ज्वल


बुकित पंजांग
१५ सप्टेंबर २०१३

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

काल तुम्ही अरुणाला फोनवर म्हणालात, "त्याले तीर्थरूप आणि साष्टांग नमस्कार कोनं शिकवला?" तिने मला तुमच्याच सुरात ऐकवलं. कोणी शिकवला म्हणजे, प्रबोधच्या टेबलावर त्याच्या वडिलांना लिहिलेलं पत्र पडलेलं असायचं, त्यावरून उचलला. तुमच्या घरात अठरा वर्षं राहून मला स्वतःच्या बापाला पत्र कसं सुरू करायचं ते दुसऱ्याच्या टेबलावरून उचलावं लागलं. लाज वाटली. तरी तुम्ही पत्रं वाचताय, हे त्यातून कळलं, आणि त्याचा मला आनंदही झाला.

तर आता नीट लिहितो.

पेटीत १७६९ सालचं एक पत्र निघालं. ख्रिस्तोफर स्कार्डन वारले. गावाबाहेरच्या पडक्या मठाच्या आवारात त्यांचं दफन झालं, कॅथलिक पद्धतीने. तेव्हा मोठ्या लोकांत एक रीत होती: स्वतःला जमत नसेल तर अंत्ययात्रेत आपली बग्गी रिकामी पाठवायची, पडदे ओढून. तो मान समजला जाई. एडमंड आठ मैलांवर होता. त्याने चार घोड्यांची बग्गी पाठवली, आत कोणी नाही. कारभारी लिहितो की बग्गी फार देखणी दिसत होती आणि गावातले लोक तिच्या मागे चालायला तयार नव्हते.

हे वाचून मी कॉम्प्युटर बंद केला. बाबा, अठ्ठावीस मेला मला मीटिंग नव्हती. मी रॅफल्स प्लेसला बँकेच्या खाली बाकावर बसून होतो. तुमची टॅक्सी चांगी विमानतळावर पोचल्याचा मेसेज आला, तेव्हा वर गेलो.

आणि चोवीस मे. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मी ते लिहिल्याशिवाय माझ्या तोंडून निघाल्यासारखं होणार नाही.

इथे बुद्धजयंतीला सुट्टी असते. तुम्ही पांढरा शर्ट घालून सकाळीच मिसेस लिमबरोबर त्यांच्या मंदिरात गेलात. आठवडाभर त्याचीच तयारी चालली होती. परक्या देशात आपला सण सरकारी सुट्टीचा आहे, ह्याचं तुम्हाला केवढं कौतुक! मी मात्र प्रबोध-मेधाला जेवायला बोलावून ठेवलं होतं. माझा हिशेब होता की तुम्ही दोन वाजेपर्यंत यायचे नाही. तुम्ही एक वाजताच आलात. दारात मिसेस लिम, हातात मंदिरातल्या बी हून शेवयांचे डबे, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज: "युअर फादर चॅन्टिंग सो गुड, एव्हरीबडी स्टॉप अँड लिसन! यू ऑल बुद्धिस्ट, नेव्हर टेल मी!"

मी हसलो. म्हणालो, "नो नो आंटी, वुई आर हिंदू. माय फादर जस्ट लाइक्स मेडिटेशन."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग आत आलात, डबे टेबलावर ठेवलेत. प्रबोधने विचारलं, "काका, ध्यानाची आवड कधीपासून?" आणि तुम्ही हात जोडून त्याला नमस्कार केलात आणि म्हणालात, "रिटायर झाल्यापासून."

मी खोटं बोललो, ते माझ्या सवयीचं झालंय. २०१० साली पीआरचा, इथल्या कायमच्या रहिवासाचा, फॉर्म भरत होतो, प्रबोध शेजारच्या कॉम्प्युटरवर त्याचा भरत होता. धर्माचा रकाना आला तसं तो मोठ्याने म्हणाला, "हिंदू, अर्थात," आणि मी तेच टाइप केलं. ज्या देशात दर तीन माणसांतलं एक बौद्ध, त्या देशाच्या सरकारला मी सांगितलं की मी बौद्ध नाही. सरकारला काही पडलेलं नव्हतं. शेजारी बसलेल्या एका पुणेकराला घाबरून मी ते केलं. एवढा मूर्खपणा दुसऱ्या कोणाला जमला नसता.

पण तुम्ही कधी खोटं बोलला नव्हता. मी तुम्हाला बोलायला लावलं. ते माझ्या छातीवरून उतरत नाही.

तुमचा,
उज्ज्वल


बुकित पंजांग
२० ऑक्टोबर २०१३

बाबा,
जयभीम.

एवढं लिहूनही काही नाही. चौदा तारखेला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ताईने उचलला आणि म्हणाली, "बाबा बोलत नाहीत रे, काय करू?" प्रियदर्शिनीताई माझ्याशी इतकं हळू कधी बोलली नव्हती.

ठीक आहे. मग आज मीही जरा बोलतो.

पेटीच्या तळातून १७५१ सालचं पत्र मिळालं. बापाने मुलाला लिहिलेलं. शेजारच्या एका प्रॉटेस्टंटाने त्यांच्या जमिनीवर दावा ठोकला होता, तसा कायदाच होता. ख्रिस्तोफर लिहितात: तू डब्लिनला जा, त्यांच्या चर्चमध्ये उभा राहा, सांगतील ते वाच. जमीन वाचली की घरी ये, इथे तुला कोणी काही विचारणार नाही.

म्हणजे बापानेच पाठवलं! मी तीन महिने त्या एडमंडला शिव्या घालतोय, आणि ज्या म्हाताऱ्यासाठी माझा जीव तुटत होता, त्यानेच मुलाला दार दाखवलं होतं.

१९९३ चा जून आठवतो का? पुण्यात तुम्ही आणि मी चार दिवस खोली शोधत फिरलो. सदाशिव पेठेत एका बाईंनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग "आधीच कोणाला शब्द दिलाय" म्हणाल्या. अशी तीन घरं झाली. चौथ्या घराच्या जिन्यात तुम्ही माझा खांदा धरलात आणि म्हणालात, "खोली मिळेपर्यंत काही बोलू नकोस." त्या घरी तुम्ही खाली रस्त्यावर थांबलात. मी एकटा वर गेलो. खोली मिळाली.

मी बोललो नाही, बाबा. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. वीस वर्षं आज्ञा पाळली, आणि आता तुम्ही त्याच गोष्टीसाठी तोंड फिरवून बसलात. रस्त्यावर कोण थांबलं होतं? मी थांबायला सांगितलं नव्हतं!

उज्ज्वल


बुकित पंजांग
२४ ऑक्टोबर २०१३

बाबा,
जयभीम.

मागचं पत्र फाडून टाका. पोस्टाच्या पेटीत टाकल्यावर हात घालून काढता येत असतं तर काढलं असतं. तुम्ही त्या जिन्यात जे बोललात ते माझ्यासाठी बोललात. तिथे आपल्यावर ती वेळ दुसऱ्यांनी आणली होती, आणि इथे माझ्यावर कोणीच आणली नव्हती. मला खोली एकोणीसशे त्र्याण्णवमध्येच मिळाली होती. पुढची सगळी वर्षं माझी आहेत. मला माफ करा.

उज्ज्वल


बुकित पंजांग
२६ जानेवारी २०१४

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

तीन महिने लिहिलं नाही, कारण काही केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता केलंय.

आधी मिसेस लिम, कारण त्या सोप्या वाटल्या. दार वाजवून सांगितलं की आंटी, त्या दिवशी मी चुकीचं बोललो, आम्ही बौद्ध आहोत. त्या म्हणाल्या, "आय नो. युअर फादर टेल मी ऑलरेडी, बसमध्ये. यू शाय, इज इट?" आणि मला दोन संत्री दिली. त्यांना आता थोडं मराठी येतं असं जाई सांगते. मला "बसमध्ये" तेवढं स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही शिकवलंत का?

मग पाच जानेवारीला, रविवारी, मरीन परेडला प्रबोधच्या घरी गेलो. एकटाच. मेधाने चहा टाकला. वरुण, त्यांचा मुलगा, खाली पोहायला गेला होता. मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर क्रिकेटवर बोलून परत आलो असतो. म्हणालो, "प्रबोध, आम्ही बौद्ध आहोत. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलीय. त्या दिवशी जे मी बोललो ते खोटं होतं."

प्रबोध म्हणाला, "माहितीये रे."

मी विचारलं, कधीपासून?

"तू जॉइन झालास तेव्हापासून. आडनाव, गाव... कळतंच ना. तुला सांगायचं नव्हतं, म्हणून आम्ही विषय काढला नाही. आणि खरं सांग, आम्ही कधी फरक केला?"

मेधा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बस ना, उज्ज्वल. चहा गार होतोय."

मी बसलो, चहा प्यायलो. फरक केला नव्हता, हे खरंच आहे. पण चौदा तारखेला संक्रांत झाली. मेधाच्या हळदीकुंकवाला अरुणाला दर वर्षी आठवडा आधी मेसेज येतो. ह्या वर्षी हळदीकुंकू झाल्यावर आला: "अगं, विसरलेच!" अरुणा म्हणाली, विसरली असेल. मग म्हणाली, नसेलही. आणि हसली. तिला हसता येतं, मला अजून येत नाही. आपण ते हळदीकुंकू पाळत नाही, तरी तिथे बोलावलं नाही म्हणून मला राग आला. असा मी.

बाबा, मला झोंबतंय ते दुसरंच. प्रबोधला माहीत होतं. म्हणजे "ध्यानाची आवड कधीपासून" हे त्याने मला सांभाळून घ्यायला विचारलं होतं, आणि तुम्ही मला सांभाळून घ्यायला उत्तर दिलंत. त्या खोलीत फसलेलं कोणीच नव्हतं. तरी सगळे जेवलो.

किलशॅनचं राहिलंच. जवळजवळ चाळीस वर्षं जो पार्लमेंटात गरजला, त्याने १८०० साली तेच पार्लमेंट बंद करायच्या बाजूने मत दिलं आणि बदल्यात एक पायरी वर, व्हायकाउंट झाला. तीन वर्षांनी वारला. सरदारांच्या वंशावळीत त्याच्या वडिलांबद्दल एक ओळ आहे, की ते त्या परगण्यातले सद्गृहस्थ होते. एक बहीणही होती, तिचं तर नावच नाही. ती स्पेनमध्ये जोगीण झाली होती. मिस्टर स्कार्डननी माझा मजकूर वाचला आणि म्हणाले, माळ्याची गोष्ट ठेवू, बग्गी काढू. मी म्हटलं, बग्गी काढायची तर माझं नावही काढा. ते विचार करतायत.

या वर्षी बुद्धजयंती तेरा मेला आहे. तुम्ही या. मी मिसेस लिमबरोबर तुमच्या मागे चालेन, आणि जेवायला ज्याला यायचंय तो येईल. मला तुमचं उत्तर हवंय, बाबा. शिव्या दिल्यात तरी चालतील.

तुमचा,
उज्ज्वल


हिंगणघाट
१७ फेब्रुवारी २०१४

चिरंजीव उज्ज्वल,
सप्रेम जयभीम.

सगळी पत्रे मिळाली. एकही फाडले नाही.

प्रथम इतिहास. तुझा मजकूर चांगला आहे, पण तू त्या लॉर्डवर फार खापर फोडतोस. बाविसाव्या वर्षी मुलगा एकटा एवढे ठरवत नाही. बाप काय म्हणाला, हे तू पहिल्या महिन्यात शोधायला हवे होतेस. शेवटी शोधलेस.

आता दुसरे. मी तुझ्यावर रागावलो म्हणून बोलत नाही, असे तू धरून चाललास. रागावलो होतो, एक-दोन दिवस. विमानात बसलो तेव्हा तो राग संपला होता.

छप्पन साली मी दहा वर्षांचा होतो. माझा बाप मला घेऊन हिंगणघाटहून निघाला. थोडे मी चाललो, बाकी त्याच्या खांद्यावर. दोन दिवस लागले. त्या मैदानावर त्याला पुढचे काही दिसत नव्हते, म्हणून वरून मी बघत होतो आणि त्याला सांगत होतो. परत येताना तो म्हणाला, आता कोणी विचारले तर सांगायचे, घाबरायचे नाही. सत्तावन्न वर्षे मी सांगत आलो. शाळेत सांगितले, बदलीच्या गावात सांगितले, जिथे विहिरीवर पाणी बंद झाले तिथेही सांगितले. आणि तुझ्या घरात, जेवणाच्या टेबलाजवळ, एका भल्या मुलाने साधेपणाने विचारले, तर मी म्हणालो, रिटायर झाल्यापासून. तुझ्याशी बोलायला फोन हातात घेतला की मला ते वाक्य ऐकू येई. तुला काय तोंड दाखवू, हे कळत नव्हते. अंघोळीला जात होतो.

जिन्यातली गोष्ट खरी आहे. तू लिहिलेस ते बरे केलेस. "खोली मिळेपर्यंत बोलू नकोस" एवढेच मी म्हणालो. "मिळाली की सांग" हे म्हणायचे राहिले. मला वाटले, ते तुला आपोआप कळेल. तेहतीस वर्षे शिकवलेल्या माणसाने असे धरून चालू नये. आणि मी खाली रस्त्यावर थांबलो, कारण माझ्याकडे पाहून कळेल अशी मला भीती होती. ते तू विचारलेस म्हणून लिहिले, नाहीतर मी ते मरेपर्यंत लिहिले नसते.

प्रबोधला आधीच माहीत होते, हे वाचून मला फार वाईट वाटले. म्हणजे मी खोटे बोलताना त्याने मला पाहिले. तू जाऊन तुझे सांगून आलास. माझे अजून तिथेच पडले आहे. ते निस्तरल्याशिवाय मला तुझ्या घरी येणे जमणार नाही. त्याचा पत्ता कळव. मी त्याला पत्र लिहीन.

अरुणाला आणि जाईला आशीर्वाद. मिसेस लिमना "बसमध्ये" आणि "पाणी" एवढेच शिकवले आहे.

तुझा,
यादवराव


बुकित पंजांग
२ मार्च २०१४

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

पत्र अरुणाने वाचलं, मग मी वाचलं. जाईला मराठी वाचता येत नाही म्हणून तिला मी वाचून दाखवत होतो, आणि खांद्यावरून बघण्याच्या ठिकाणी मी कागद खाली ठेवला. ती म्हणाली, "कॅन कंटिन्यू टुमॉरो, बाबा." आम्ही दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

नऊ महिने मी समजत होतो की तुम्ही मला शिक्षा देताय. तुम्ही तिथे एकटे बसून स्वतःला देत होता, आणि मी इथून एका मेलेल्या लॉर्डच्या गोष्टी धाडत होतो. एकदा विमानात बसून आलो असतो तर बरं झालं असतं. आता मार्चअखेर येतोय, चार दिवस. तिकीट काढलंय. तुम्ही बोला, नका बोलू, मी ओसरीवर बसेन. अंघोळ किती वेळ चालते तेही बघेन.

प्रबोधचा पत्ता ह्या कागदाच्या मागे लिहिला आहे, पिनकोडसकट. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

एक विनंती आहे. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही त्याला लिहाल की चूक सगळी माझी, मीच पोराला तसं शिकवलं, तो बिचारा काय करणार. त्या दुपारी तुम्ही खोटं बोललात ते मला वाचवायला. ह्या पत्रात मला वाचवू नका, बाबा.

तुमचा,
उज्ज्वल